मिस मोरीनचं शेवटचं पान

१

बुधवारी संध्याकाळी कुलूपबंद खणात दोन पाकिटं होती. गुरुवारी सकाळी एकच उरलं, आणि तेही नको असलेलं.

'लँटर्न' मासिकाचं ऑफिस दुबईच्या देरा भागात खाडीच्या काठी होतं. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही शहाणे, असं ऑफिसातले लोक म्हणायचे. साल अठ्ठ्याण्णव. तेव्हाची दुबई आठवली की अजून जीव हळवा होतो. ऑफिसच्या मागे वाळूचा मोकळा माळ होता आणि गाडी कुठेही लावा, कोणी विचारत नसे. मुंबईचे पेपर शिळे होऊन यायचे आणि ताज्यासारखे वाचले जायचे. 'लँटर्न' मात्र ताजा असायचा, आणि लोक तो शेवटच्या पानापासून उघडायचे. त्या पानावर मिस मोरीन ॲशबी यांचं 'खिडकीतून' हे सदर असे.

मिस मोरीन म्हणजे संपादिका. लिंकनशायरच्या एका साप्ताहिकात लग्नाच्या बातम्या लिहिण्यापासून त्यांनी सुरुवात केली, मग लंडनच्या एका बायकांच्या मासिकात लाल पेन्सिल चालवली आणि नवऱ्याला बंदरावर नोकरी लागली म्हणून इकडे आल्या. पुढे नवरा परत गेला, बाई राहिल्या. तिकडे बाईचं लग्न झालेलं असो की मोडलेलं, ऑफिसात ती पहिल्या नावाची 'मिस'च. दोन खोल्यांत त्यांनी 'लँटर्न' सुरू केला आणि वीस वर्षं एकहाती चालवला. आता मालकांनी लंडनहून कॉलिन नावाचा नवा संपादक आणला होता. मिस मोरीन शनिवारी संध्याकाळच्या विमानाने कायमच्या घरी निघाल्या होत्या आणि जाता जाता शेवटचा 'खिडकीतून' लिहून खणात ठेवून गेल्या होत्या.

कॉलिनने सगळ्यांसमोर उरलेलं पाकीट फोडलं. आतून ऑफिसच्या पिकनिकचे फोटो निघाले.

"लेख कुठाय?" कॉलिनने विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "इद्रीस, काल संध्याकाळी तू मिस मोरीनच्या केबिनमध्ये होतास. पहारेकऱ्याने तुला बाहेर पडताना पाहिलंय."

इद्रीस परकार जाहिरातींचा मॅनेजर, मूळचा रत्नागिरीचा. शेवटचं पान एका बिल्डरच्या जाहिरातीला द्या म्हणून तो मिस मोरीनशी आठवडाभर भांडत होता, तेही मोठ्या आवाजात. त्याच्याविरुद्ध पुरावा शोधायला कुणाला खुर्चीतून उठावंही लागलं नसतं.

"शनिवारी दुपारी अंक छापायला जातो," कॉलिन म्हणाला. "तोवर लेख टेबलावर आला नाही तर मी मालकांना सांगून तुझा व्हिसा कॅन्सल करायला लावीन. खलास."

'खलास' एवढा एक शब्द त्याने आल्या आल्या शिकून घेतला होता.

व्हिसा गेला म्हणजे नोकरी, घर, पोरांची शाळा, सगळ्याचा गाशा गुंडाळायचा. इद्रीस पांढराफटक पडला. त्याने कोपऱ्यात उभ्या असलेल्या वासुदेव टिपणिसांकडे पाहिलं.

"टिपणीससाहेब, माझी पोर दहावीला आहे हो," तो हळूच म्हणाला. "महिन्यावर परीक्षा आलीय."

२

वासुदेव टिपणीस प्रॉडक्शन मॅनेजर. पानं लावायची, छपाईची फिल्म काढून घ्यायची आणि ती शेजारच्या अजमानमधल्या छापखान्यात पोचवायची हे त्यांचं काम. माणूस दादरचा, मितभाषी; पण छापून आलेली चूक त्यांना मुंगीसारखी चावायची. चावली की ते बीळ सापडेपर्यंत थांबत नसत.

गुरुवार अर्ध्या दिवसाचा. ऑफिस रिकामं होण्याआधी त्यांनी रिसेप्शनवरच्या कुबराला गाठलं. कुबरा हैदराबादची. केबिनच्या बरोबर बाहेर तिचं टेबल आणि सगळ्या किल्ल्या तिच्या पाठीमागच्या खिळ्याला लटकवलेल्या.

"कुबरा, किल्ली कोणी मागितली?"

"कोई नहीं मांगता, टिपणीस साब. जिसकू होना वो लेके जाता." तिने हात उडवले. "मैं तो सिर्फ इतना देखी, मिस मोरीन दोपहर भर दरवाजा बंद करके खुद टाइप करे. सुनेत्रा मॅडम कू भी बाहर बिठाए. हर महीने तो मॅडम अंदर रहते ना."

सुनेत्रा वर्दे म्हणजे उपसंपादिका, मिस मोरीनचा उजवा हात. गेली दोनेक वर्षं बाईंची लाल पेन्सिल थांबली होती. प्रूफ सुनेत्राने मोठ्याने वाचायचं आणि बाईंनी डोळे मिटून ऐकायचं. 'चूक कानाला आधी कळते' असं बाई म्हणत आणि तेही सगळ्यांना थोर वाटे.

"मग?"

"फिर दो लिफाफे ड्रॉवर में डाले, मेरे सामने. फिर सुनेत्रा मॅडम उनका हाथ पकड के सीढियां उतारे. रो रहे थे दोनों. मॅडम का डिब्बा उपर रह गया था, तो एक मिनट कू वापस आए. मैं भी तभी निकली. आज मॅडम छुट्टी पे हैं, मिस मोरीन का सामान बांधने कू."

इद्रीस आपल्या टेबलाशी डोकं धरून बसला होता.

"खरं सांगा, परकार. आत कशाला गेला होतात?"

"अत्तर ठेवायला." इद्रीस ओशाळला. "एवढं भांडलो, म्हटलं बाई चालली, तोंड गोड करून पाठवावी. सकाळी कोणी विचारलंच नाही, आणि मी सांगितलं तर हा गोरा हसला. आणि जाहिरातीचं म्हणाल, तर बिल्डर मंगळवारीच आतल्या पानाला तयार झाला होता. मला त्या लेखाचं करायचंय काय?" तो थांबला, मग अचानक दुखऱ्या आवाजात म्हणाला, "पण बाईचा राग फार, साहेब. वीस वर्षांची मिशी काढली मी गेल्या महिन्यात. अख्खं ऑफिस हसलं. बोटीवरच्या बकरीवर पानभर लिहिणारी बाई, माझ्या मिशीवर एक शब्द बोलली नाही. तोंडाकडे बघून 'गुड मॉर्निंग, इद्रीस' म्हणाली आणि गेली."

वासुदेव केबिनमध्ये गेले. अत्तराची कुपी टेबलावर होती. फोनच्या पाचच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. कपाटातल्या फायलींवर कुठेच नाव नव्हतं, पण प्रत्येकीच्या कोपऱ्यात टाचण्या टोचलेल्या. कुठे एक, कुठे दोन. कॉलिनने फोडलेलं पाकीटही कोरंच होतं. त्याच्याही कोपऱ्यात दोन टाचण्या.

दोन्ही पाकिटं सारखी, दोन्ही चिकटवलेली, नाव एकावरही नाही. आणि चोराने दुसऱ्याला हातही न लावता बरोबर लेखाचंच उचललं. इद्रीस असता तर त्याने दोन्ही फोडून पाहिली असती.

मग ज्याला फोडायची गरज पडली नाही, असा कोण?

३

शुक्रवार म्हणजे सुट्टी. अल नहदाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी सकाळी कांदेपोहे ठरलेले आणि भांडणही ठरलेलं.

"अहो, दुधाकडे बघा जरा!" स्मिताबाई बाल्कनीतून ओरडल्या. "मी कपडे वाळत घालतेय."

वासुदेवांनी एका हाताने गॅस लावला. दुसऱ्या हातात 'लँटर्न'चे जुने अंक होते. मिस मोरीन कुणाबद्दल काय लिहू शकतील याचा अंदाज घ्यावा म्हणून ते रात्रीपासून 'खिडकीतून' वाचत होते, आणि खरं सांगायचं तर काम विसरून नुसतेच वाचत होते. जुन्या लेखांत बाई फटकळ होत्या, विनोद चिमटा काढणारा. अलीकडच्या दोनेक वर्षांत लेखणी मऊ झाली होती. वासुदेवांना तीच जास्त आवडे. गेल्या हिवाळ्यातला तो बकरीचा लेख तर त्यांनी स्मिताबाईंना वाचून दाखवला होता. त्यांनी तो पुन्हा काढला.

'सकाळी दूध तापत ठेवून मी खिडकीशी उभी राहिले. खाली धक्क्यावर एक खलाशी बकरीला लाकडी जहाजावर चढवत होता. बकरी चढेना, खलाशी हटेना. त्या दोघांच्या वादात माझं दूध उतू गेलं.'

"बाबा!" रिद्धी स्वयंपाकघराच्या दारात उभी. इथेच वाढलेली पोर, तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत. "व्हाय डू यू गाइज बॉइल इट? इट्स ऑलरेडी पाश्चराइज्ड! माझ्या क्लासमध्ये नोबडी बॉइल्स मिल्क. लिंडाची मॉम थिंक्स वुई आर क्रेझी."

"दूध घरात आलं की तापवायचं," बाहेरून स्मिताबाईंचा निकाल आला. "आपल्यात तसंच असतं."

"नोबडी," वासुदेव पुटपुटले. त्यांच्या हातातला अंक तसाच राहिला.

मिस मोरीन वीस वर्षं कोरा चहा पीत होत्या, लिंबू पिळून. 'दूध वासरांसाठी असतं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या माणसाने चुकून दुधाचा चहा पुढे ठेवला की कुबरा धावत जाऊन उचलून आणायची.

त्यांनी भराभर अंक चाळले. गेल्या वर्षीच्या रमजानच्या लेखात दुधावरची साय होती. धुक्याच्या लेखात पुन्हा दूध, पुन्हा गॅस मंद करणं. आपण हे दहादा वाचलं आणि एकदाही अडखळलो नाही, कारण आपल्या घरात रोज सकाळी हेच चालतं! कुठल्या इंग्लिश बाईने कधी पाकिटातलं दूध तापवलंय?

"अहो, गेलं! गेलं!" स्मिताबाई धावत आल्या. दूध शेगडीभर झालं होतं.

वासुदेव मात्र हसत होते. मग त्यांना इद्रीसची मिशी आठवली, आणि हसू थांबलं.

"मी खाडीपलीकडे बर दुबईत जाऊन येतो," ते म्हणाले. "मिस मोरीनकडे."

४

देऱ्यातून अब्रात बसून खाडी ओलांडली की समोरच मिस मोरीनची इमारत. तेव्हा त्या लाकडी होडीत बसलं की माणूस उगाचच गप्प व्हायचा. पाण्याचा वास, डिझेलचा धूर आणि बांगेचा आवाज, एवढंच. वासुदेव मनात उजळणी करत होते.

दार सुनेत्राने उघडलं. पदर खोचलेला, हाताला खोक्यांची धूळ. आतल्या खोलीत रेडिओ लागला होता.

"वासुदेवराव? बाई पडल्यात जरा. या, स्वयंपाकघरात बसू."

वासुदेवांनी ओट्याकडे एक नजर टाकली. किटली होती, कप होते. दुधाचं भांडं नव्हतं.

"सुनेत्राबाई, पाकीट तुमच्याकडे आहे," ते सरळ म्हणाले.

तिने हातातला कप खाली ठेवला. "काय बोलताय तुम्ही!"

"बाईंना दिसत नाही. कधीपासून, ते तुम्हाला ठाऊक. म्हणून लाल पेन्सिल थांबली, म्हणून फोनवर ठिपका आला आणि फायलींना टाचण्या. म्हणून तुम्ही हाताला धरून जिना उतरवता. परकारांनी मिशी काढलेली त्यांना कळली नाही, कारण त्यांनी परकारांना आवाजावरून ओळखलं. ज्यांना दिसत नाही त्यांनी बोटीवरची बकरी कशी पाहिली? ती तुम्ही पाहिलीत. दूधही तुमचंच उतू गेलं."

सुनेत्रा खाली बसली.

"दोन पाकिटांतलं कुठलं, हे टाचणी चाचपून फक्त तुम्हालाच कळणार होतं. आणि डबा घ्यायला वर तुम्हीच परत गेला होतात."

तिने खोचलेला पदर सोडला. मग डोळे पुसत म्हणाली, "आधी मी नुसतं सांगायचे, बाहेर काय दिसतंय ते. त्या लिहायच्या. मग त्यांचं मन उडालं. 'तूच लिही' म्हणाल्या. डोळ्यांचं मालकांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांना घरी पाठवलं असतं. एकट्या बाईने जायचं कुठे हो? मी लिहीत गेले. मला आवडायलाही लागलं, खोटं कशाला बोलू."

"आणि शेवटच्या लेखात त्यांनी ते कबूल केलं."

"मी पाया पडले त्यांच्या, नका लिहू म्हणून. वीस वर्षांचं नाव आहे, वासुदेवराव. लोक म्हणतील आंधळी बाई खिडकीतून बघत होती, फसवलं आम्हाला. दोन वर्षांपायी वीस वर्षं पुसली जातील. एक लेख छापला नाही तर कुणाचं काय जातंय?"

"परकारांचं जातंय," वासुदेव म्हणाले. "उद्या दुपारी त्यांचा व्हिसा कॅन्सल होणार. चोर म्हणून."

सुनेत्राचा चेहरा खर्रकन उतरला. तिला काहीच माहीत नव्हतं. "अगं बाई... त्यांची कन्या दहावीला..."

"म्हणून आलो. तुम्ही खरं सांगितलंत तर तुमची नोकरी जाईल. नाही सांगितलंत तर त्यांची. मला तरी तिसरी वाट दिसत नाही."

"मला दिसतेय," दारातून आवाज आला. बोलणं इंग्रजीत होतं, आणि मिस मोरीन चौकटीला धरून उभ्या होत्या. "हो, 'दिसतेय'च म्हणाले मी. वीस वर्षं हिंदुस्थानी माणसांत काढलीत, टिपणीस. 'व्हिसा', 'परकार', 'चोर', 'दूध' आणि 'दिसत नाही' एवढं मला कळतं. सुनेत्रा, कुठाय माझा लेख?"

५

लेख सुनेत्राच्या पर्समध्ये होता. फाडायचा तिचा धीर झाला नव्हता.

मिस मोरीन खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसल्या. खाली खाडीवर ऊन उतरत होतं. त्यांनी तोंड बरोबर तिकडेच केलं होतं.

"चाळीस वर्षं मी लोकांचं लिखाण कापलं," त्या म्हणाल्या. "पण अख्खाच्या अख्खा लेख कुणी कापला नव्हता माझा. वाच आता. मी टाइप केला, पण कसा झालाय ते मला कुठे ठाऊक आहे?"

सुनेत्राने पाकीट फोडलं, कागद उलगडले आणि वाचायला सुरुवात केली. वासुदेव तिच्या मागे उभे होते. लेख लिंकनशायरच्या लग्नांपासून सुरू होत होता, नवऱ्याच्या जहाजाला हात हलवून निरोप दिल्याचं सांगत होता, आणि मग सरळच म्हणत होता: 'माझी खिडकी दोन वर्षांपूर्वी अंधारली. त्यानंतर तुम्ही जे वाचलंत ते सुनेत्रा वर्दे यांनी पाहिलेलं आहे.'

सुनेत्राने पान उलटलं. वासुदेवांनी वाकून पाहिलं.

दुसऱ्या पानावर एकही शब्द नव्हता. टाइपरायटरवर बाईंची बोटं एक घर सरकून बसली होती, आणि पानभर अक्षरांची नुसती भेळ झाली होती. त्यांनी मनापासून लिहिलेलं सगळं त्या भेळेत हरवलं होतं.

सुनेत्रा अडखळली नाही. तिची नजर कागदावरच होती आणि ती वाचत राहिली. "'आज मी शेवटची या खिडकीशी उभी आहे. धक्क्यावर जहाजं तीन रांगांत लागली आहेत. त्या खलाशाने दोरीवर एकच निळा सदरा वाळत घातलाय, आणि तो वाऱ्याने असा फुगलाय की आत माणूस असावा. मी जाते आहे हे याला कुणी सांगितलं नसावं. दूध तापत ठेवून मी बघत राहिले, तर...'"

ती एकदम थांबली.

मग मिस मोरीन हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"हे मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी इतकं चांगलं लिहिलंच नव्हतं. माझी बोटं घसरली ना कुठेतरी?"

"बाई, मी..."

"माझ्या घरात दुधाचं भांडं नाही, सुनेत्रा. तू पहिल्यांदा दूध उतू घालवलंस तेव्हाच मी ते खोडणार होते. मग म्हटलं, बघू तर खरं कोण पकडतं. दोन वर्षांत एकाही इंग्लिश वाचकाने पत्र टाकलं नाही. पकडलं ते शेवटी टिपणिसांनी."

"आमच्याच शेगडीवर सांडलं म्हणून कळलं," वासुदेव म्हणाले.

"मग काढू का ते?" सुनेत्राने विचारलं. "दूध?"

"राहू दे. तू म्हणालीस तसंच लिहून काढ, खाली नावं दोघींची जाणार आहेत."

तिथूनच त्यांनी कॉलिनला घरी फोन लावला. बोट पाचच्या बटणावरून पुढे सरकत गेलं. "लेख माझ्या घरी आहे," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "माझा लेख माझ्या घरी आला, तर त्याला तुमच्या लंडनमध्ये चोरी म्हणतात का? उद्या सकाळी तू इद्रीसची माफी मागशील. सगळ्यांसमोर, कारण आरोपही सगळ्यांसमोर केलास."

शनिवारी सकाळी कॉलिनने माफी मागितली. लेख वाचून तो म्हणाला की यापुढचं शेवटचं पान मिस वर्दे यांचंच असेल. माणूस अगदीच वाईट नव्हता. लोकांनीही बाईंचं नाव पुसलं नाही. त्या महिन्यात ऑफिसात एवढी पत्रं आली की कुबराच्या टेबलावर किल्ल्या ठेवायला जागा उरली नाही.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी दुपारी फिल्म अजमानला गेली आणि संध्याकाळी सगळे विमानतळावर जमले. इद्रीस मागे मागे राहत होता. त्याने सकाळीच ते पान वाचलं होतं. शेवटी तो पुढे आला.

"मिस मोरीन, मी उगाच रागावलो होतो तुमच्यावर," तो म्हणाला. "मी मिशी काढली. महिना झाला."

मिस मोरीन यांनी हात पुढे केला. इद्रीसने मान खाली घातली, आणि बाईंनी त्याच्या वरच्या ओठावरून बोटं फिरवली, सावकाश, प्रूफ तपासावं तशी.

"भयंकर दिसत असशील," त्या म्हणाल्या. "परत ठेव."

सगळे हसले. सुनेत्राने तोंडाला पदर लावला. मिस मोरीन हाताला धरून नेणाऱ्या विमान कंपनीच्या मुलीबरोबर आत गेल्या, आणि मागे वळून, सगळे जिथे उभे नव्हते त्या बाजूला, त्यांनी हात हलवला. सगळे पळत त्या बाजूला जाऊन उभे राहिले.

इद्रीसने मिशी परत ठेवली. ती अजून आहे. आता पांढरी झाली आहे.